प्रवासातून आठवणीच्या वस्तू आणि भेटी आणायच्या असतील तर

वस्तू आवडली, भाव पटला, घेतली. अडचणी नंतर सुरू होतात. बॅगेची चेन लागत नाही, केबिनच्या तपासणीत बाटली काढून ठेवावी लागते, कस्टम्सचा अधिकारी पावती मागतो, आणि सगळं पार पडून घरी आलेला दिवा इथल्या प्लगवर पेटत नाही. म्हणून दुकानात वस्तू हातात घेतल्यावर तिला दोन प्रश्न विचारा: ही घरापर्यंत कशी पोचणार? आणि पोचल्यावर राहणार कुठे? खालचा सगळा मजकूर या दोन प्रश्नांचाच विस्तार आहे.

सोबत काय असावं

- शिवणकामाची १५० सेंटिमीटरची मोजपट्टी
- बॅग लटकवून वजन करायचा हातातला काटा
- घडी घालून ठेवता येणारी रिकामी बॅग
- दोन मीटर बबल रॅप, चिकटपट्टी, चार-पाच मोठ्या झिप-लॉक पिशव्या
- छोटं लोहचुंबक आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग
- पावत्यांसाठी एकच जाड पाकीट
- पासपोर्ट आणि परतीच्या तिकिटाची प्रत (कर परताव्याला लागते)
- घरून नेलेल्या महागड्या कॅमेऱ्याची किंवा लॅपटॉपची जुनी पावती, म्हणजे येताना ‘हे तिकडून घेतलं का?’ या प्रश्नाला उत्तर तयार राहतं

१. आधी माणसांची यादी, मग वस्तूंची

निघण्यापूर्वी नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: साधारण किती खर्च करायचा, त्या घरात काय वापरलं जातं, आणि काय अजिबात चालत नाही (निकेलची ॲलर्जी, सुगंधाचा त्रास, लहान मूल असलेलं घर). तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे मणी, छोटे चुंबक किंवा बटणाएवढी बॅटरी असलेलं काहीही घेऊ नका. गिळलेले दोन चुंबक पोटात एकमेकांना चिकटून आतड्याला इजा करतात.

यादीत दोन-तीन ‘बिननावी’ भेटी धरा. कोणीतरी हमखास विसरलेलं असतं. त्या सपाट, हलक्या आणि कोणालाही चालतील अशा असाव्यात: कापडी पिशवी, छोटी वही, हातरुमाल.

ऑफिससाठी एकसारख्या बऱ्याच वस्तू घ्यायच्या असतील तर एका नगाचं वजन आधी पाहा. दीडशे ग्रॅमचे वीस मग म्हणजे तीन किलो, आणि वर पॅकिंग.

‘येताना माझ्यासाठी एवढं आण’ म्हणणाऱ्यांकडून वस्तूचं अचूक मॉडेल, रंग, साइज आणि फोटो लेखी मागून घ्या. जमलं तर पैसेही आधी. ‘साधारण तसंच’ या शब्दांवर घेतलेली वस्तू क्वचितच पसंत पडते. तिकडून कोणी बंद पाकीट देऊन ‘हे फक्त पोचवा’ म्हणालं तर उघडून दाखवायला सांगा, नाहीतर नम्रपणे नकार द्या. तुमच्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी तुमची असते.

२. स्वतःसाठी घेताना एक प्रकार ठरवा

स्वतःसाठीच्या खरेदीला यादी नसते, म्हणून ती फुगते. सोपा उपाय म्हणजे एकच प्रकार ठरवून दर प्रवासात त्यातलं एक घ्यायचं: एक कप, एक छापील नकाशा, एक चमचा. दुसरा चांगला मार्ग रोज हाताळायच्या वस्तूचा. चष्म्याचं घर, पट्टा, पेन हे वर्षभर डोळ्यांसमोर राहतात. शोभेचं जहाज दोन महिन्यांत कपाटावर जातं.

सगळ्यात स्वस्त आणि हलका पर्याय: त्या गावातून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेलं पोस्टकार्ड. तिकीट, शिक्का, तारीख, सगळं आपोआप नोंदलं जातं. मात्र ते हॉटेलच्या काउंटरवर न देता टपाल कार्यालयात जाऊन टाका आणि शिक्का हाताने मारायची विनंती करा. यंत्राचा शिक्का बऱ्याचदा वाचता येत नाही.

३. काय आणता येत नाही, हे खरेदीआधी पाहा

दुकानात उघड्यावर विकायला ठेवलंय म्हणजे ते देशाबाहेर नेता येतं असं नाही. नवखे सर्वाधिक इथेच फसतात.

*प्राणी आणि वनस्पती.* १९७५ पासून अमलात असलेल्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार हजारो प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण आहे, आणि त्यांच्यापासून बनवलेल्या वस्तूही त्यात येतात. हस्तिदंत, समुद्री कासवाच्या पाठीचे दागिने, काळं प्रवाळ, मगरीच्या कातड्याची पर्स, तिबेटी हरणाच्या लोकरीची शहातूश शाल या ठरलेल्या अडचणी. शीसम-रोजवूडच्या कुळातलं (डाल्बर्जिया) लाकूडही यादीत आहे. तयार वस्तूंना काही सूट मिळते, पण मोठं फर्निचर मागवण्याआधी नियम पाहिलेच पाहिजेत. दुकानदार ‘सर्टिफिकेट देतो’ म्हणाला तर ते कोणी दिलेलं आहे ते बघा. परवाना सरकारी यंत्रणेचा लागतो. दुकानाच्या लेटरहेडला काही किंमत नाही. काही वस्तूंना निर्यात आणि आयात असे दोन्ही परवाने लागतात.

*किनाऱ्यावरून उचललेलं.* शंख, प्रवाळाचे तुकडे, गारगोट्या, वाळू. अनेक संरक्षित किनाऱ्यांवर आणि राष्ट्रीय उद्यानांत हे उचलणं गुन्हा आहे, आणि विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतं.

*माती, बिया, रोपं, कच्चं लाकूड.* वस्तूला साल चिकटलेली असेल, गवत भरलेलं असेल, बियांची माळ असेल तर बहुतेक देशांत ती कृषी तपासणीला जाते. मांस आणि दूध यांपासून बनलेल्या पदार्थांवरही कडक बंधनं असतात. सीलबंद आहे एवढ्याने सूट मिळत नाही.

*जुन्या वस्तू.* पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. वयाची मर्यादा देशागणिक वेगळी. शंभर वर्षं ही बऱ्याच कायद्यांतली रेषा आहे. यातली गंमत अशी की ‘दोनशे वर्षं जुनी आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य खरं असेल तर तुम्ही ती नेऊ शकत नाही, आणि खोटं असेल तर तुम्ही जास्त पैसे दिलेत. प्रतिकृती घेत असाल तर बिलावर ‘नवीन, प्रतिकृती’ असं लिहून घ्या आणि वस्तूचा फोटो बिलासोबत ठेवा.

*नकली ब्रँड.* लोगो असलेली स्वस्त पर्स, घड्याळ, टी-शर्ट. काही देशांत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि सीमेवर माल जप्त होऊ शकतो.

*शस्त्रासारखं दिसणारं.* शोभेचा खंजीर, खेळण्यातलं पिस्तूल, काडतुसाची की-चेन. पहिल्या दोन्ही केबिनमध्ये नाहीतच. काडतुसाची की-चेन कुठेच नको, ते रिकामं असलं तरी.

४. कधी आणि कुठे घ्यायचं

पहिल्या दिवशी फक्त बघा, भाव विचारा, फोटो काढा. एकच वस्तू तीन दुकानांत हुबेहूब दिसली तर ती कारखान्याची आहे, दुकानदार काहीही सांगो. शेवटच्या दिवशी सगळी खरेदी ठेवणंही चूक: सुट्टीचा वार निघतो, दुकान बंद असतं, आणि मग विमानतळावर तीच वस्तू चढ्या भावाने घ्यावी लागते.

फुटणारं आणि जड प्रवासाच्या शेवटी. कापड, कागद, दागिने कधीही. त्या भागाचं खास उत्पादन शोधत असाल तर भौगोलिक मानांकनाचं चिन्ह, कारागिरांच्या सहकारी संस्था आणि संग्रहालयांची दुकानं आधी पाहा. संग्रहालयाच्या दुकानात भाव जास्त असतात, पण वस्तू कशाची, कुठली, कोणाची हे लिहिलेलं असतं.

वाहनचालक किंवा मार्गदर्शक स्वतःहून नेतो त्या दुकानात बहुधा त्याचं कमिशन असतं. जायला हरकत नाही, पण भाव दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका.

५. हातात घेऊन कशी पारखायची

इथे वेळ घालवा. पाच मिनिटांची तपासणी पुढचा मनस्ताप वाचवते.

*कापड आणि भरतकाम.* उलटी बाजू बघा. हाताच्या भरतकामात मागे गाठी, धाग्यांच्या उड्या, थोडी असमानता दिसते. यंत्राच्या कामात मागे पांढऱ्या धाग्याचं एकसारखं जाळं असतं. हाताने ठसा मारलेल्या छपाईत ठशांच्या जोडावर रंग जरा गडद होतो किंवा रेषा किंचित सरकते. पूर्ण थानभर एकही चूक नसेल तर ती स्क्रीनची किंवा डिजिटल छपाई. रंग जातो का हे पाहायला ओला पांढरा रुमाल कडेवर दहा सेकंद घासा.

रेशीम-लोकर म्हणून विकतात ते तपासायचं तर झालरीतला एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा. रेशीम-लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कागद जळाल्यासारखा वास आला तर तो सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). शाल अंगठीतून काढून दाखवणं ही कसोटी नव्हे. पातळ व्हिस्कोसही अंगठीतून निघतं.

*गालिचा.* कोपरा दुमडून मागची बाजू पाहा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते, आणि झालर म्हणजे ताण्याच्याच दोऱ्यांची टोकं असतात. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता दोरे टोचून डिंकाने बसवलेला. झालर नंतर शिवलेली असेल तर यंत्राचा. दोन्ही घ्यायला हरकत नाही, फक्त हाताने गाठी मारलेल्याचे पैसे देऊ नका.

*चांदी-सोनं.* चांदीवर ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के), सोन्यावर ३७५, ५८५, ७५० किंवा ९१६ (अनुक्रमे ९, १४, १८, २२ कॅरेट) हे आकडे भिंगाने शोधा. ‘जीपी’ किंवा ‘जीईपी’ म्हणजे फक्त मुलामा. जर्मन सिल्व्हर किंवा अल्पाका या नावाच्या धातूत चांदी नसतेच. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. चुंबकाला चिकटलं तर आत बहुधा लोखंड किंवा निकेल आहे. चिकटलं नाही म्हणून शुद्ध ठरत नाही, कारण पितळ आणि तांबंही चिकटत नाहीत.

*खडे आणि अंबर.* एकसारख्या निळ्या रंगाचा स्वस्त फिरोजा बहुधा रंगवलेला हाउलाइट (एक पांढरा दगड) असतो. भोकाच्या आत पाहा, तिथे पांढरं दिसतं. अंबर (झाडाची हजारो-लाखो वर्षं जुनी, दगडासारखी झालेली राळ) दाट मिठाच्या पाण्यात तरंगतं, काच आणि बहुतेक प्लास्टिक बुडतं. कोपाल नावाची कमी वयाची राळही तरंगते, तेव्हा ही चाचणी अर्धीच.

*मातीची भांडी.* बोटाने टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असू शकतो. चकचकीत, भडक रंगाच्या झिलईत शिसं असू शकतं. आंबट पदार्थ, फळांचा रस, गरम पेय त्यात ठेवलं की ते उतरतं. बूड बघा, ‘फक्त शोभेसाठी’ लिहिलेलं असेल तर स्वयंपाकघरात नेऊ नका. काहीच लिहिलेलं नसेल तरी भिंतीवरच लावा.

*लाकूड.* बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी भुकटी म्हणजे आत कीड जिवंत आहे. कोरीव कामाच्या आतल्या कोपऱ्यांत हत्याराच्या खुणा हव्यात. कडेने सरळ उभी रेघ असेल तर तो साच्यातला राळेचा तुकडा, वर लाकडाचा रंग दिलेला.

६. माप आणि वीज

साइजचे आकडे देशागणिक बदलतात. सेंटिमीटर बदलत नाहीत. भेट द्यायच्या माणसाच्या पावलाची लांबी, छातीचा घेर आणि अंगठीच्या आतला घेर घरूनच लिहून न्या. नुसता ‘मध्यम’ हा शब्द कामाचा नाही.

दिवा, घड्याळ, स्वयंपाकघरातलं यंत्र घेताना मागचं लेबल वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. ‘११०–१२० व्होल्ट’ एवढंच असेल आणि घरी २३० असेल तर अडॅप्टर लावून यंत्र जळेल. ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो बहुतेकदा वस्तूपेक्षा जड असतो. दिव्याचं होल्डर घरच्या बल्बला बसतं का, तेही पाहा.

७. पैसे आणि पावती

कार्ड मशीनवर ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न आला तर स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनाचा पर्याय दिसायला सोयीचा असतो, पण त्यातला विनिमय दर दुकानाकडची यंत्रणा ठरवते आणि तो सहसा महाग पडतो. विक्रेत्याने स्वतःच बटण दाबलं असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

पावतीवर वस्तूचं नाव, साहित्य, नग आणि किंमत हवी. ‘गिफ्ट आयटम’ एवढंच लिहिलेलं बिल कस्टम्समध्ये उपयोगी पडत नाही. खरी किंमत लपवून कमी रकमेचं बिल देतो असं कोणी म्हटलं तर घेऊ नका. पकडलं गेल्यावर दंड तुम्हालाच, आणि माल हरवला तर विमाही तेवढ्याच रकमेचा.

८. कर परतावा

अनेक देश पर्यटकाला मूल्यवर्धित कर परत देतात. क्रम असा:

1. ठरलेल्या किमान रकमेची खरेदी साधारणपणे एकाच दुकानात करा आणि बिल देण्याआधीच फॉर्म मागा. पासपोर्ट दाखवावा लागतो.
2. वस्तू वापरू नका. लेबल, वेष्टण तसंच ठेवा.
3. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी कस्टम्सकडे जा. वस्तू बघायला मागू शकतात. बॅग आत गेल्यावर शिक्का मागायला गेलेल्यांची फेरी फुकट जाते.
4. शिक्का किंवा यंत्रावरची नोंद झाली की परताव्याच्या खिडकीवर फॉर्म द्या. रोख घेतल्यास बऱ्याचदा जादा शुल्क कापतात. कार्डावर उशिरा येतं, पण जास्त येतं.

युरोपीय संघासारख्या सामायिक सीमा असलेल्या देशांत फिरत असाल तर शिक्का शेवटच्या देशातून बाहेर पडताना. या सगळ्याला एक-दीड तास जादा धरा. आणि तिकडचा कर परत मिळाला म्हणून इकडची जकात माफ होत नाही.

९. केबिनमध्ये काय, चेक-इनमध्ये काय

द्रवाचा नियम आठवा: केबिनमध्ये बाटलीची क्षमता १०० मिलीपर्यंत. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं असेल तरी ती जात नाही. हलवला की बर्फ पडणारा काचेचा गोळा, मेणासारखं मलम, मध, जॅम, सगळं द्रवातच मोजलं जातं. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्याने नियम सैल झालाय, पण परतीच्या वाटेवर दुसरं विमानतळ असेल तर त्याचा नियम लागू होतो.

ड्यूटी-फ्री दुकानातली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत, आत पावतीसह मिळते. ती घरी पोचेपर्यंत फोडू नका. मधल्या विमानतळावर पुन्हा सुरक्षा तपासणी असेल तर फोडलेल्या पिशवीतली बाटली तिथेच राहते.

मद्य २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, ७० टक्क्यांच्या वरचं कुठल्याच बॅगेत नाही. परफ्यूम चेक-इनमध्ये चालतं. एक बाटली ५०० मिलीपर्यंत आणि प्रसाधनं सगळी मिळून २ लिटरपर्यंत. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.

दागिने, कागदपत्रं, एकुलती एक मौल्यवान वस्तू केबिनमध्ये. हरवलेल्या बॅगेतल्या दागिन्यांची भरपाई बहुतेक विमान कंपन्या नियमांतच नाकारतात.

१०. पॅकिंग

काच आणि मातीची वस्तू: आतली पोकळी मोज्यांनी किंवा कागदाने गच्च भरा, कान-दांडीला वेगळं गुंडाळा, मग सगळ्यावर बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला. बॅगेत मधोमध ठेवा, चारही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर कपडे. बंद करून बॅग हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा. दोन भांडी एकत्र गुंडाळू नका. एकमेकांवर आदळूनच ती फुटतात.

बाटली आधी झिप-लॉकमध्ये, बुचावर चिकटपट्टी, मग कपड्यांत. कॅनव्हासवरचं चित्र गुंडाळायचं तर रंगाची बाजू बाहेर, कारण आत ठेवलं की रंग दबून तडकतो. नळीचा व्यास १० सेंटिमीटरहून कमी नको. कागदी चित्र गुंडाळण्यापेक्षा दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट बरं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काटा लावा. बहुतेक विमानतळांवर एका बॅगेला ३२ किलोच्या वर उचलतच नाहीत, जादा पैसे भरले तरी. तुमच्या तिकिटाची मर्यादा सहसा त्याहून बरीच कमी असते.

११. कुरिअरने पाठवायचं असेल तर

आकाराने मोठ्या, हलक्या वस्तूंना ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन लागतं: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. दोन किलोची लॅम्पशेड ४०×३०×३० च्या खोक्यात गेली की ७.२ किलोचे पैसे. दुकानदार ‘आम्ही पाठवतो’ म्हणाला तर तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: विमा, ट्रॅकिंग, आणि पोचल्यावरची जकात कोण भरणार. ‘फ्री शिपिंग’मध्ये जकात सहसा धरलेली नसते.

१२. उतरल्यावर

जकातमुक्त रकमेची मर्यादा तुमच्या देशाच्या कस्टम्सच्या अधिकृत संकेतस्थळावर निघण्याआधीच बघून ठेवा. एकाच महाग वस्तूची किंमत कुटुंबातल्या चौघांत वाटून दाखवता येईल असं गृहीत धरू नका; बऱ्याच देशांत ते चालत नाही. मर्यादेच्या वर असेल किंवा शंका असेल तर विमानतळावर लाल मार्गिका घ्या (लाल म्हणजे ‘जाहीर करायचं आहे’, हिरवी म्हणजे ‘काही नाही’). विचारून भरलेली जकात हिरव्या मार्गिकेत पकडल्यावरच्या दंडापेक्षा स्वस्त पडते. लाकूड, बिया, खाण्याचं काही असेल तर फॉर्मवर लिहाच. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेल्यावर दंड होतो.

१३. घरी पोचल्यावर

भेटी वाटण्याआधी किंमतीची लेबलं काढा. चिकट डाग राहिला तर खाण्याच्या तेलाचा थेंब लावून दहा मिनिटांनी पुसा. कागद, कापड आणि कच्च्या लाकडावर मात्र तेल नको. वस्तूसोबत एक चिठ्ठी द्या: कुठली, कशाची, कोणत्या तारखेची, कशी धुवायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा; शाई पसरते आणि फिकी पडते.

लोकरीचं, पिसांचं किंवा कीड लागल्याची शंका असलेलं लाकडी काही असेल तर थेट कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर बंदच राहू द्या, नाहीतर थंड वस्तूवर दव धरून डाग पडतात. रंग दिलेलं, शिंपले जडवलेलं किंवा सरस लावून जोडलेलं लाकूड फ्रीजरमध्ये घालू नका. ते पिशवीतच महिनाभर वेगळं ठेवा आणि तळाशी ताजी भुकटी पडते का ते दर आठवड्याला बघत राहा.